जमीन खरडून गेली तर अमेरिकेत सरकार नेमके कशाचे पैसे देतं?

प्रश्न सीना नदीकाठच्या एका शेतकऱ्याचा आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात त्यांच्या अडीच एकरांतली काळी माती वाहून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. अमेरिकेतला भाचा सांगतो की तिकडे अशा वेळी सरकार 75 टक्के खर्च देतं. ते विचारतात, हे खरं आहे का, कसं चालतं, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या हेक्टरी 47 हजारांपेक्षा ते खरोखर बरं आहे का?

भाचा खोटं सांगत नाही. पण 75 टक्के ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, तसंही ते नाही. मी मूळचा बार्शीकडचा, मृदसंधारणाचा इंजिनिअर. नोकरीची बरीच वर्षं अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात गेली. पुरानंतर शेतकऱ्यांच्या जमिनीची मोजणी करायची, सपाटीकरणाचे आराखडे काढून द्यायचे आणि याच योजनेच्या फायली त्यांच्या बाजूने बसून भरून घ्यायच्या, हे माझं काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

योजनेचं नाव इमर्जन्सी कॉन्झर्व्हेशन प्रोग्रॅम. बोलताना सगळे ईसीपी म्हणतात. 1978 च्या कृषी पतपुरवठा कायद्यात तिचा पाया आहे आणि कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी ती काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पातळीवरच्या कार्यालयांतून चालवते. पूर, चक्रीवादळ, टोर्नेडो, वणवा किंवा तीव्र दुष्काळाने शेतजमिनीचं नुकसान झालं, तर ती पुन्हा कसण्याजोगी करण्याच्या खर्चात सरकार हिस्सा उचलतं. पीक गेलं म्हणून ईसीपीतून एक डॉलरही मिळत नाही. पिकाला विमा आहे, मेलेल्या जनावरांसाठी वेगळी योजना आहे, जळालेल्या खासगी जंगलाला आणखी वेगळी. ईसीपीचा पैसा जमिनीवर केलेल्या कामाचा असतो. काम केलं नाही तर नुकसान कितीही मोठं असो, खात्यात काही येत नाही.

आपला पंचनामा आणि तिकडची फाईल यांतला मूळ फरक इथेच आहे. आपल्याकडे महसूल खातं किती गेलं ते मोजतं आणि हेक्टरी ठरलेला दर लावतं. ते पैसे जमिनीवर खर्च झाले की सावकाराकडे गेले, हे नंतर कुणी बघायला येत नाही. तिकडे काउंटीचा माणूस किती काम करावं लागेल ते मोजतो, आणि काम झाल्यावर ते तपासायला पुन्हा बांधावर येतो.

कामांचे प्रकार ठरलेले आहेत. शेतात येऊन पडलेली झाडं, दगड, वाळू, गाळ काढणं. पडलेल्या घळी बुजवून जमीन सपाट करणं. वाहून गेलेली किंवा जळालेली कायमची कुंपणं उभी करणं. आधीपासून असलेले टेरेस (उताराला आडवे बांध), निचऱ्याचे पाट यांची डागडुजी. वाऱ्याने माती उडू लागली तर तिला आवर घालणं. दुष्काळात जनावरांपर्यंत पाणी नेणं आणि आधी लावलेल्या फळबागा, द्राक्षबागा जगवणं. मिळतं ते पूर्वी जसं होतं तसं करण्यापुरतं. याच संधीत कुंपण अधिक भारी करायचं असेल, तर वरचा खर्च मालकाचा.

पात्रतेच्या कसोट्या मात्र कडक आहेत. नुकसान असं हवं की दुरुस्त केलं नाही तर जमीन आणखी बिघडेल. तिच्या उत्पादनक्षमतेवर त्याचा ठळक परिणाम झालेला हवा. दुरुस्ती इतकी खर्चिक हवी की सरकारी मदतीवाचून शेतकऱ्याला ती झेपणार नाही. आणि चौथी कसोटी, जी आपल्याकडच्या वाचकाला खटकेल, ती अशी की हे नुकसान त्या भागात वरचेवर होणाऱ्यांपैकी नसावं. दर चार-पाच वर्षांनी नदी ज्या शेतात शिरते, ते शेत पुन्हा पुन्हा सरकारी खर्चाने उकरून देणं त्यांना मान्य नाही. संरक्षक बांध आणि नदी यांच्यामध्ये सापडलेली जमीन तर नियमानेच बाहेर राहते.

म्हणून तुमच्या जमिनीचं काय झालं असतं, हे खात्रीने सांगता येणार नाही. तुमचं शेत पात्रालगत असेल आणि पूर्वीही दोन-तीनदा पाण्याखाली गेलं असेल, तर तिथल्या समितीने कदाचित नकारच दिला असता. सीना, सिंदफणा, मांजरा यांच्या काठावरच्या किती गटांना ही अट पार करता आली असती, याचा विचार 75 टक्क्यांची गोष्ट सांगणाऱ्या भाच्याने एकदा करावा.

ही समिती म्हणजे तिकडची एक चांगली गोष्ट. काउंटी कमिटीवर तीन ते अकरा सदस्य असतात, त्यांची निवड शेतकरी मतदानाने करतात आणि मुदत तीन वर्षांची असते. अर्जांना मंजुरी हीच देते. त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला वाळू चढलेलं शेत कसं दिसतं हे समजावून सांगावं लागत नाही. याचा दुसरा भागही आहे. गावकीतले हेवेदावे तिकडेही असतात, आणि समितीवर शेजारी बसला असेल तर कुंपणाची लांबी फुगवून सांगता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईसीपीत बहुतेक अर्ज पैशांअभावी नव्हे, घाईमुळे बाद होताना मी पाहिले. पूर ओसरतो, माणूस बुलडोझर लावतो, आठवडाभरात शेत साफ करतो आणि मग कार्यालयात जातो. तोवर उशीर झालेला असतो. क्रम असा आहे की आधी अर्ज, मग कर्मचाऱ्याची जागेवर पाहणी, मग पर्यावरणाची तपासणी, मग समितीची मंजुरी, आणि त्यानंतर काम. नांगराच्या नेहमीच्या खोलीच्या खाली माती हलवायची असेल तर तपासणी आणखी वाढते, कारण खाली पुरातत्त्वाचं काही असू शकतं, जवळ पाणथळ जमीन असू शकते. मोठ्या आपत्तीनंतर पडलेला मलबा उचलणं किंवा कुंपण त्याच जागी पुन्हा उभं करणं यांसाठी सवलती जाहीर होतात. पण सवलत आपल्या काउंटीत, आपल्या कामाला लागू आहे का, हे लेखी विचारल्याशिवाय यंत्र सुरू करू नका, असं मी प्रत्येकाला सांगायचो. निदान फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि एकाच खुणेपाशी उभं राहून कामाआधीचा नि नंतरचा.

अर्जाचा फॉर्म एफएसए-848. मंजुरीनंतर करार होतो, काम पूर्ण झाल्यावर बिलं जोडून पूर्ततेचा फॉर्म जातो. स्वतःची मजुरी आणि स्वतःच्या ट्रॅक्टरचे तासही हिशेबात धरता येतात. पण तासांची नोंद रोजच्या रोज हवी. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेली वही तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते. काम झाल्यावरही सुटका नाही. उभारलेली रचना तिच्या ठरलेल्या आयुष्यभर सांभाळावी लागते, मोडून टाकली तर पैसे परत मागतात.

75 टक्क्यांचा हिशेब कसा उतरतो, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा दहा एकरांवरची वाळू काढायला ठेकेदाराने 20,000 डॉलर घेतले. काउंटीने त्या कामासाठी ठरवलेल्या दराने तो खर्च 16,000 बसतो. सरकार प्रत्यक्ष खर्च आणि ठरलेला दर यांतली कमी रक्कम धरतं आणि तिचे जास्तीत जास्त 75 टक्के देतं, म्हणजे 12,000. शेतकऱ्याच्या खिशातून 8,000 गेले. मग हिस्सा 60 टक्के झाला, 75 नव्हे. नव्याने शेतीत उतरलेल्यांना आणि अगदी तुटपुंज्या उत्पन्नाच्या शेतकऱ्यांना हीच मर्यादा 90 टक्क्यांपर्यंत आहे. वरची मर्यादा दोन प्रकारची. एका आपत्तीसाठी एका व्यक्तीला 5 लाख डॉलरपेक्षा जास्त नाही, आणि त्या जमिनीच्या शेती म्हणून असलेल्या बाजारभावाच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही. दुसरी अट ऐकायला कोरडी वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. जमिनीच्या किमतीच्या अर्ध्याहून अधिक खर्च करून ती परत मिळवण्यापेक्षा काही तुकडे गवताला किंवा झाडीला सोडलेले बरे.

पैसे येतात कामानंतर. त्याला पहिला मोठा अपवाद झाला कुंपणाचा. 2018 च्या शेती कायद्याने कुंपणाच्या कामासाठी 25 टक्के रक्कम आगाऊ देण्याची सोय केली, मात्र ती साठ दिवसांत खर्च झाली नाही तर परत करावी लागते. पुढे ही सोय ईसीपीतल्या इतर कामांनाही मिळाली. कुंपणाला ही सोय का लागते ते समजायला टेक्ससचा उत्तर भाग डोळ्यांसमोर आणा. 26 फेब्रुवारी 2024 ला पेटलेल्या स्मोकहाउस क्रीक वणव्यात दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळालं. तो भाग पशुपालकांचा, शेकडो-हजारो एकरांची एकेक कुरणं. लाकडी खांब जळाले की काटेरी तार जमिनीवर लोळते, गुरं हमरस्त्यावर येतात. अशा माणसाला 'आधी मैलोन्‌मैल कुंपण घाल, मग बिल आण' म्हणणं निर्दयपणाचंच ठरतं.

आता योजनेतला सगळ्यात कच्चा दुवा. ईसीपीला दरवर्षी ठरलेला, हक्काचा निधी नाही. मोठी आपत्ती आली की अमेरिकी संसद पुरवणी तरतूद करते, आणि ती कधी करेल हे राजकारणावर असतं. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळाने जॉर्जियातल्या पेकानच्या (अक्रोडासारखं फळ) बागा आडव्या केल्या, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातली नदीकाठची शेतं धुऊन नेली. त्यानंतर डिसेंबर 2024 च्या कायद्यात ईसीपीला 82.8 कोटी डॉलर मिळाले. आकडा मोठा आहे, पण त्यातून देशभरच्या आपत्त्यांची रांग भागवायची असते. अर्ज मंजुरीयोग्य आहे पण पैसे नाहीत, या अवस्थेत महिनोन्‌महिने बसलेले शेतकरी मी पाहिलेत. तोवर पेरणीचा हंगाम निघून जातो. बँकेत पत असलेला मोठा शेतकरी तग धरतो. छोटा माणूस अर्जच करत नाही.

नदीचा काठच फुटला असेल तर ते ईसीपीचं कामही नव्हे. त्यासाठी एनआरसीएस या मृदसंधारण यंत्रणेची वेगळी योजना आहे, आणि तिथे अर्जदार काउंटी, गाव यांसारखी स्थानिक संस्था असावी लागते. एकट्या शेतकऱ्याला दार नाही.

आता तुलनेकडे. तुमचे अडीच एकर म्हणजे एक हेक्टर. समजा सरासरी एक फूट माती गेली. हेक्टरमध्ये सुमारे 1,07,600 चौरस फूट, म्हणजे तितकेच घनफूट, म्हणजे जवळपास 1,076 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). 47,000 रुपये भागिले 1,076 ब्रास, तर ब्रासला 44 रुपये सुद्धा होत नाहीत. एवढ्यात माती सोडा, भरलेली ट्रॉली शेतापर्यंत आणायचं डिझेलही निघणार नाही. गाळ साचलेल्या जमिनीला केंद्राच्या निकषात हेक्टरी 18,000 आहेत आणि थर तीन इंचांपेक्षा जाड असावा लागतो. तीन इंच धरले तरी 269 ब्रास. ब्रासला 67 रुपये. शिवाय 47,000 चा मूळ निकष दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीनच गेलेल्या अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी आखलेला आहे. ती नुकसानीपोटीची मदत आहे. दुरुस्तीचं अंदाजपत्रक म्हणून ती कधी बेतलेलीच नव्हती.

ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला 47,000 रोख आणि त्याशिवाय मनरेगातून हेक्टरी 3 लाखांपर्यंतचं काम असं धरलं. हे दुसरं पाऊल मला महत्त्वाचं वाटतं, कारण इथे नुकसानीबरोबर कामाचाही विचार झाला. 3 लाख 47 हजार म्हणजे ब्रासला सुमारे 322 रुपये; हा आकडा निदान चर्चा करण्याजोगा आहे. अडचण मनरेगाच्या तेव्हाच्या चौकटीची. मजुरी आणि साहित्य यांचं 60-40 प्रमाण, ठेकेदाराला बंदी, मजुराची जागा घेणाऱ्या यंत्रांना मनाई. ही चौकट मजुराच्या हातात पैसा जावा म्हणून आहे आणि ती योग्यच आहे. पण हजार ब्रास माती टोपल्यांनी भरून आणणं हे काम कागदावर जेवढं सोपं दिसतं तेवढं शिवारात नाही. बांधबंदिस्ती, दगड वेचणं, ताली (मातीचे आडवे बांध) घालणं यांसाठी अशी रोजगार हमी उत्तम. माती वाहतुकीला वेगळी वाट लागते.

मग अमेरिकेसारखी योजना इथे आणावी का? जशीच्या तशी, तर मुळीच नको. आधी खर्च कर, मग हिस्सा माग, ही रीत अडीच एकरवाल्याला उधारीच्या दारात नेऊन सोडेल. त्याच्याकडे स्वतःच्या हिश्शाचे 25 टक्के नसतात आणि सरकारच्या हिश्शाचे 75 टक्के तोवर उभे करायची पतही नसते. रोख मदत लगेच हातात पडते, हा आपल्या पद्धतीचा गुण कमी लेखू नये; पुरानंतरच्या महिन्यात घरात धान्य लागतं. तिकडून काही घ्यायचंच असेल तर रोख मदतीनंतर दुसरा हप्ता ठेवावा, जो तिकडच्यासारखा कामाला बांधलेला असेल. कृषी सहायकाने जागेवर येऊन आखणी करून द्यावी, काम झाल्यावर तपासावं आणि पैसा टप्प्याटप्प्याने, पहिला टप्पा आगाऊ, असा द्यावा. नाहीतर मुरमावर चार इंच माती पसरली जाते आणि पुढच्या जूनमध्ये तीही सीनेत जाते.

आता तुमच्या शेताचं. पंचनाम्याची प्रत मागून बघा. पीक नुकसान आणि जमीन खरडणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत; घाईत अनेकदा फक्त पहिली होते. क्षेत्र सातबाऱ्याशी जुळतं का ते पाहा. शेतात विहीर बुजली असेल तर तिची नोंद स्वतंत्र हवी, तिला पॅकेजमध्ये विहिरीमागे 30,000 रुपये वेगळे धरले होते.

माती आणण्याआधी उताराची मोजणी करून घ्या. हे मी नेब्रास्कातही रोज सांगायचो. मार्च 2019 च्या पुरात तिथे नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं, बर्फाच्या लाद्या शेतांत येऊन पडल्या, प्लॅट आणि एल्कहॉर्नच्या काठी वाळूचे ढीग बसले. ज्यांनी आधी पातळी घेऊन काम केलं त्यांची शेतं टिकली. ज्यांनी नजरेने सपाट केली त्यांच्या शेतात पुढच्याच पावसाने त्याच जागी घळ पाडली. तुमच्याकडे पाणी कुठून शिरलं, कुठून निघालं, ती जागा आधी बांधा. उताराला आडव्या ताली, आणि जिथून जादा पाणी जाणार तिथे दगडी सांडवा. हे झाल्यावरच ट्रॉल्या लावा.

शेताच्या काही भागात वाळू साचली असेल तर ती सगळी उचलायची गरज नसते. दोन इंचांपर्यंत असेल तर नेहमीच्या मशागतीत मिसळते. दोन ते आठ इंचांना पलटी नांगर खोल घालून खालची माती वर आणायची. त्याहून जाड थर आधी पातळ ठिकाणी पसरायचा, मग नांगरायचा. दोन फुटांवर गेला तर उचलण्याला पर्याय उरत नाही. ही अमेरिकेतल्या नदीकाठी रुळलेली मोजमापं आहेत, पण खाली काळी माती शाबूत असेल तर आपल्याकडेही चालतात. खाली मुरूमच असेल तर पलटी नांगर घालू नका, फक्त दगड वर येतील.

माती कुठली? दुसऱ्याचं चांगलं रान उकरून आणलेली माती महाग पडते आणि तिथे नवा खड्डा तयार होतो. जवळच्या पाझर तलावाचा गाळ बघा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत पात्र शेतकऱ्याला घनमीटरला 35.75 रुपये आणि एकरी 15,000 पर्यंत अनुदान आहे. हिशेब केला तर एकरात साधारण चार इंचांचा थर होतो. मात्र आपत्तीच्या निकषात एकाच कामासाठी दुसऱ्या योजनेचा लाभ घेतलेला नसावा अशी अट असते, तेव्हा दोन्ही जोडण्याआधी तहसील आणि कृषी कार्यालय दोन्हीकडे विचारून घ्या, शक्यतो लेखी. गाळ निव्वळ चिकण असेल तर एकदम जाड थर टाकू नका, पाणी धरून मुळं सडतात. माती परीक्षण करून, मुरमात मिसळून दोन हंगामांत टाका.

पहिल्या वर्षी ऊस किंवा कांदा लावायचा मोह होईल, कारण कर्ज फेडायचं असतं. मी म्हणेन पावसाळ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडा, शेणखत जेवढं मिळेल तेवढं घाला, आणि रब्बीला हरभरा बघा. सगळ्या अडीच एकरांवर एकदम पैसा घालू नका. ज्या एकरात मातीचा थोडा तरी थर शिल्लक आहे तिथून सुरुवात करा. पात्रालगतची शेवटची पट्टी, जी पूर्वीही गेली होती, तिथे माती टाकूच नका. ती बांबूला किंवा गवताला सोडा.